निरोप्यानं न घेतलेलं पाणी

महानंदा, तुला माती देऊन तिसरा दिवस होता. भर दुपारी मी आपल्या कोपऱ्यावरून रिक्षा केली, आत बसले, आणि रिक्षा हलेचना. जुळे सोलापुरात त्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसतं, हे तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, "चला की." रिक्षावाल्यानं आरशात बघत विचारलं, "त्या यायच्यात न्हवं?" मी विचारलं, कोण त्या? त्यानं मान वळवून माझ्या शेजारची जागा पाहिली, मग मोकळा रस्ता पाहिला, आणि रिक्षा चालू केली. मी उतरेपर्यंत त्यानं पुन्हा आरशात पाहिलं नाही.

हे तुला सांगितलं असतं तर तू पोट धरून हसली असतीस. सुले, ऊन लागलंय तुला, मीठ-साखरेचं पाणी पी आणि पंख्याखाली पड, असं म्हणत माझी नाडी बघितली असतीस. जन्मभर वॉर्डात नर्स म्हणून राबलेली बाई तू, भुताखेतांचं तुला कौतुक नव्हतं. पण हसणं ओसरल्यावर तू एक प्रश्न हळूच विचारला असतास, आणि तो मला आत्ता लिहितानाही ऐकू येतोय. तुझ्याकडं काय राहिलंय सांगायचं?

राहिलंय, म्हणून लिहायला बसलेय. आपल्या नाटकमंडळातले लोक म्हणाले, तुम्ही तिच्या एवढ्या जवळच्या, तिच्यावर चार ओळी लिहा, किती मनमिळाऊ होती ते लिहा. तू मनमिळाऊ अजिबात नव्हतीस. राग तुझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. शेंगाची चटणी कुणी कमी तिखट केली तरी तुझा दिवस बिघडायचा, आणि एकदा मनात धरलेली गोष्ट तू काही केल्या सोडायची नाहीस. लोकांना हवं ते मला लिहिता येणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय.

आपलं सगळं भांडण एका माणसावरून होतं. तो माणूस ग्रीक, हजारो वर्षांपूर्वीचा, आणि त्याला नावसुद्धा नव्हतं. मी कॉलेजात मराठी शिकवायची. हौसेनं ते जुनं ग्रीक नाटक इंग्रजीवरून मराठीत आणलं आणि आपल्या मंडळात बसवायला घेतलं. तू त्याचं नाव कधी घेतलं नाहीस, "ते ग्रीकांचं" म्हणायचीस, म्हणून मीही इथे घेत नाही. गोष्ट साधी आहे. राणीचा एकुलता मुलगा लांब डोंगरातल्या खिंडीवर पहाऱ्याला गेलाय, राणी महालाच्या दारात वाट बघतेय, आणि एक मेंढपाळ मुलाच्या मरणाची बातमी घेऊन येतो. त्या नाटकांत कुणी प्रेक्षकांसमोर मरत नाही. मरण आडोशाला होतं आणि निरोप्या येऊन ते सांगतो. तो येतो, दहा मिनिटं बोलतो, जातो. आपल्या पुरुषांपैकी कुणालाच ते काम नको होतं, सगळ्यांना राजा व्हायचं होतं. तू हात वर केलास. तुझा आवाज खर्जातला, उंची दाराच्या चौकटीला भिडणारी. घोंगडं पांघरलंस की बाई की बाप्या ते कळायचं नाही.

मी तुला समजावलं होतं की निरोप्या म्हणजे नाटककाराची सोय. त्याला स्वभाव नसतो, त्याच्यातून पलीकडचं बघायचं असतं, एवढंच. तू ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली संहिता घेऊन आलीस. वॉर्डातला केसपेपर वाचावा तशी तू ती वाचली होतीस, कुठे काय जुळत नाही ते बघत.

"ह्यो म्हणतोय, मी वरच्या कड्यावर हुतो," तू म्हणालीस. "मग त्याला पोराच्या चपलेचा तुटलेला अंगठा कसा दिसला? कड्यावरनं अंगठा दिसतोय का? ह्यो जवळ हुता. हात लावला तर पोचंल इतका जवळ. मग धावला का न्हाई?"

मी म्हणाले, काव्य आहे ते. तू म्हणालीस, असू दे की काव्य, चप्पल ती चप्पलच. आणि मग तू त्या ओळीवर बोट ठेवलंस, जिच्यावरून आपण पुढची बारा वर्षं भांडलो. राणी विचारते, माझा मुलगा शेवटी काही बोलला का? निरोप्या सांगतो, ओठ हलले, पण वारा मोठा होता, ऐकू आलं नाही. तुझं म्हणणं, हा खोटं बोलतोय. त्याच वाऱ्यात त्याला शेळीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. दगड घरंगळत गेला तो ऐकू आला. मारेकऱ्याची तलवार म्यानात गेलेली ऐकू आली. शेवटचा शब्द तेवढा वाऱ्यानं नेला?

"त्यानं ऐकलंय, सुले. माणूस सगळं सांगतंय आन् एकच वाक्य गाळतंय. कुठलं? ज्यात तो स्वतः असतोय ते."

त्या मुलानं मरताना काय म्हटलं असेल, हेही तुझ्याकडे तयार होतं. आईला सांग, तू नुसता उभा राहून बघत होतास. मी ते सगळं उडवून लावलं. कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या बाईला नर्सनं नाटक समजावलं, याचा मला रागही आला होता. आज कबूल करते.

पण तुझं शास्त्र पुस्तकातलं नव्हतं. वॉर्डात कुणी गेलं की डॉक्टर दोन वाक्यं बोलून निघून जायचे आणि नातेवाईक तुझ्याभोवती जमायचे. सगळ्यांचा प्रश्न राणीचाच असायचा: शेवटी काही बोलले का? तू जे ऐकलं असेल ते जसंच्या तसं सांगायचीस. एका म्हाताऱ्यानं चहा मागितला होता. तू तसं सांगितलंस, आणि त्याची बायको पुढे दर वर्षी त्या दिवशी थर्मासमधून तुला चहा घेऊन यायची. दुसऱ्या एकानं थोरल्या मुलाला शिवी दिली होती. तीही तू त्या मुलाला सांगितलीस. त्यावरून मी तुझ्याशी आठ दिवस बोलले नाही. मेलेल्याची शिवी पोचवायची काय गरज होती, असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस की ती त्या पोराची होती, मी कोण ठेवून घेणारी.

हे तुझ्यात अप्पांकडून आलं होतं. अक्कलकोटच्या पुढे, शिवेवरच्या तुमच्या गावात, तुझे वडील सुद्दी न्यायचे. सुद्दी म्हणजे कानडीत बातमी, पण अप्पा दारात उभे दिसले की ती कसली बातमी हे विचारावं लागायचं नाही. मयताची सुद्दी फोनवर द्यायची नाही, माणसानं जायचं, असा तुमच्याकडचा रिवाज. जाणाऱ्यानं उंबरा ओलांडायचा नाही, चपला काढायच्या नाहीत, टेकायचं नाही. केव्हा गेलं, कसं गेलं, जवळ कोण होतं, शेवटी काय बोललं, सगळं पुरं सांगायचं आणि पदरचं काही घालायचं नाही. तोवर पाणी नाही. पुरं सांगून झालं की घरातली बाई तांब्या घेऊन बाहेर येते. तो पाणी पितो आणि मागं न बघता, येतो न म्हणता निघून जातो. मी विचारलं होतं, आणि एखादी गोष्ट पोटात ठेवली तर? तालमीच्या मधल्या चहाला, बसची वेळ सांगावी तशा आवाजात तू सांगितलंस की मग मेलेलं माणूस सांगणाऱ्याच्या मागं मागं हिंडतं. दारातल्या माणसांना ते दिसतं, म्हणून ती त्याला पाणी देत नाहीत.

म्हणून तुला नाटकात पाणी हवं होतं. निरोप्याचं भाषण संपलं की राजवाड्यातल्या दासीनं त्याला पाणी द्यायचं, त्यानं प्यायचं आणि जायचं. मी म्हणाले, अगं, ग्रीसमध्ये तुमच्या गावचा रिवाज कुठून आणू? तू म्हणालीस, मरण तिथंबी हाय की. तुझ्या हट्टापुढे मी हात टेकले आणि दासीच्या हातात मातीचं भांडं दिलं. महिनाभर तालमीत तू भाषण संपवून ते पाणी गटागटा प्यायचीस आणि तोंड पुसत निघून जायचीस. ते मला फार आवडायला लागलं होतं, पण तुला कधी तसं म्हणाले नाही.

आता नाट्यस्पर्धेच्या दिवसाचं. इथवरचं सगळं तुला माहीत आहे. पुढचं तुला माहीत होतं की नाही, हे मला माहीत नाही.

तुझा फोन बिघडून दुरुस्तीला पडला होता, म्हणून गौराक्काला, तुझ्या थोरल्या बहिणीला, तू माझा नंबर देऊन ठेवला होतास. दुपारी दोनला माझा फोन वाजला. मी थिएटरच्या मागच्या पायऱ्यांवर उभी होते. आत तू रिकाम्या खुर्च्यांसमोर आवाज कुठवर जातो ते बघत होतीस. अक्का गावातल्या किराणा दुकानातून बोलत होती. अप्पा सकाळी गेले होते. सुद्दी घेऊन सोलापूरला येईल असं माणूस ती दुपारपर्यंत शोधत राहिली, पण गावात ते काम करणारा माणूसच गेला होता. शेवटी नाइलाजानं तिनं फोन केला.

"माती दिवस बुडायच्या टायमाला हाय," ती म्हणाली. "गाडी करून आली तर त्वांड बघंल. तिला सांग, टीचर."

मी म्हणाले, सांगते.

मी सांगितलं नाही. कारणं पुष्कळ होती. पडदा सातला होता, सगळ्यांची तीन महिन्यांची मेहनत होती, तुझ्या जागी उभं राहील असं कुणी नव्हतं. ही सगळी कारणं मी बारा वर्षं घोकली. खरं कारण एवढंच की ते नाटक माझं होतं आणि मला ते व्हायला हवं होतं. मी पायऱ्या चढून आत आले. तू रंगमंचावरून विचारलंस, कुणाचा फोन? मी म्हणाले, लाइटवाल्याचा. तू मान हलवलीस आणि तुझी ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलीस. ओठ हलले, पण वारा मोठा होता.

त्या संध्याकाळी तू जसं बोललीस तसं मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. विंगेत उभी राहून मी ऐकत होते. शेळीची घंटा आली, चपलेचा अंगठा आला. बापाचं तोंड न बघता दुसऱ्याच्या मुलाचं मरण तू सांगत होतीस आणि तुला त्याचा पत्ता नव्हता. शेवटच्या ओळीला तू राणीकडे बघायचं ठरलं होतं. तू विंगेत, माझ्याकडे बघितलंस. मग दासीनं पाणी पुढे केलं आणि तू ते घेतलं नाहीस. हातानं बाजूला सारलंस. ती पोर गोंधळली, पाणी सांडलं, आणि तू तशीच कोरड्या तोंडानं, दर दोन पावलांना मागं बघत निघून आलीस. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आत आल्यावर मी विचारलं, असं का केलंस? घोंगडं उतरवत तू म्हणालीस, "काय म्हाईत. आज वाटलं, ह्यानं पुरं सांगितलेलं न्हाई."

त्यानंतर मी तुला सांगितलं की अप्पा गेले. आत्ताच फोन आला, असंही सांगितलं.

मीच तुला गाडी करून गावाला नेलं. माती होऊन गेली होती. अक्का वेशीपाशी उभी होती, कधीपासून कोण जाणे. तू तिच्या गळ्यात पडली नाहीस. तू विचारलंस, अप्पांची सुद्दी, आणि एवढ्या उशिरा? अक्कानं तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे मला कळलं. मग ती खाली बघायला लागली आणि काही बोलली नाही. मीही बोलले नाही. फोन दोनला झाला होता हे दुकानदाराला माहीत होतं, त्यालाही तिनंच गप्प बसवलं असणार.

त्यानंतर बारा वर्षं तू अक्काशी कामापुरतं बोललीस. सणाला गावी गेली नाहीस, माझ्याकडे आलीस. दर रविवारी कडक भाकऱ्यांचा पुडा घेऊन यायचीस. माझ्या ऑपरेशनच्या वेळी माझं पथ्यपाणी तू केलंस, आणि निवृत्त झाल्यावर माझ्याच शेजारच्या इमारतीत फ्लॅट घेतलास. अक्काच्या वाट्याची माया मी बारा वर्षं खाल्ली, महानंदा, आणि ती मला गोड लागली. अधूनमधून तू तो विषय काढायचीस. त्या निरोप्यानं ऐकलं हुतं बघ. मी म्हणायची, नाही गं, वारा होता. तू माझ्याकडे बघत राहायचीस आणि मग चहा ओतायला उठायचीस.

तुझ्या आजारपणाचं लिहीत नाही. आयुष्यभर ज्या वॉर्डात काम केलंस तिथेच तू पेशंट होतीस, आणि नव्या मुलींनी सलाइनची पट्टी नीट लावलीय का ते झोपल्या झोपल्या तपासायचीस. अक्काला कळवू नको, तिला प्रवास झेपत नाही, असं म्हणालीस. शेवटच्या दिवशी दुपारचे दोन वाजून गेले होते. तुझ्या तोंडावर मास्क होता, बाजूला मशीन फुसफुसत होतं. तू स्वतःच्या हातानं मास्क बाजूला केलास आणि वॉर्डात बोलायचीस तसं, एकेक शब्द सुटा करून बोललीस.

"अक्काला सांग, अप्पांची सुद्दी तिनं मला येळंवर दिली न्हाई. तेवढं मी माफ केलेलं न्हाई. सांगशील न्हवं?"

तेव्हा सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. तुझे डोळे माझ्यावर होते, अगदी शुद्धीत, त्या संध्याकाळी विंगेत बघितलं होतंस तेव्हा होते तसे. मी म्हणाले, सांगते. बारा वर्षांपूर्वी अक्काला दिला होता तोच शब्द. मग मी मास्क पुन्हा तुझ्या तोंडावर बसवला, नीट बसवला. त्यानंतर तू फार वेळ राहिली नाहीस.

कागदपत्रांना वेळ लागणार होता, म्हणून मी तुला आणणाऱ्या गाडीच्या पुढे, एकटी गावी गेले. रिवाज मला पाठ होता. उंबऱ्याबाहेर, चपला पायात ठेवून उभी राहिले. अक्का गुडघ्यावर हात टेकत दारात आली. केव्हा, कसं, जवळ कोण, सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, शेवटी काय बोल्ली का? माझ्या तोंडून निघालं, ओठ हलले अक्का, पण मशीनचा आवाज मोठा होता, ऐकू आलं नाही.

वाक्य संपता संपता मला ते ओळखू आलं. अंगणात ऊन रणरणत होतं आणि माझ्या पाठीला गार लागलं. अक्का माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं, जरा वर बघत होती. तुझं डोकं जिथे आलं असतं तिथे. मग ती आत गेली. मी पाण्याची वाट बघत उभी राहिले. ती बाहेर आली नाही. तुझी गाडी आली, बायका जमल्या, रडारड सुरू झाली, आणि मी मनाची समजूत घातली की दुःखात विसरली असेल. दुसऱ्या दिवशी तुला तुमच्या लिंगायत रिवाजानं विभूती लावून, अप्पांच्या शेजारी बसवून माती दिली. त्या घरात कुणीही मला पाण्याचं विचारलं नाही.

मग तो रिक्षावाला. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, पाहुण्या कोण आल्यात हो, जिन्यात तुमच्या मागनं चढत होत्या, चांगल्या उंच हायेत की. दुपारी दोनच्या सुमाराला माझ्या स्वयंपाकघरात कपाला कप लागल्यासारखा आवाज व्हायचा. बघायला गेले की कप जागच्या जागी असायचे. भीती वाटली का? वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्यापेक्षा जास्त बरं वाटायचं. चहा करताना मी दोघींचं पाणी ठेवायला लागले होते.

तुझं घर आवरायला गेले तेव्हा कपाटात ती संहिता सापडली. "ऐकू आलं नाही" या ओळीपुढे तेव्हाचं तुझं पेन्सिलीतलं अक्षर होतं: ऐकलंय. त्याच्याखाली निळ्या पेनानं, अलीकडच्या थरथरत्या अक्षरात, आणखी एक ओळ होती: बिचारा अजून तहानलेलाच असेल.

ती ओळ मी किती वेळा वाचली असेल. हे तू त्या ग्रीक मेंढपाळाबद्दल लिहिलंस की माझ्याबद्दल? तुला माहीत होतं का? माहीत असून तू रविवारी येत राहिलीस का? आणि शेवटचा निरोप अक्कासाठी होता, की मी तरी पुरं सांगावं म्हणून तू मला अक्काच्या दारात पाठवत होतीस? भांडायला तू नाहीस, त्यामुळे हे आता असंच राहणार. पण त्या ओळीत राग नव्हता. संहिता मांडीवर घेऊन मी तुझ्या पलंगावर बसून रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा.

परवा सकाळी अक्कलकोटच्या एसटीत बसले. कंडक्टरनं मशीन पुढे करत विचारलं, दोन ना? मी हो म्हणाले. खिडकीची जागा सोडून बसले, तुला वारं लागतं म्हणून. पूर्ण रस्ताभर त्या जागेवर कुणी येऊन बसलं नाही, आणि बसमध्ये माणसं उभी होती.

अक्का दारातच होती. मी बाहेर उभी राहिले, चपला पायात. पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुझे शेवटचे शब्द जसेच्या तसे सांगितले, माफ केलेलं न्हाई हेही सांगितलं. मग दोन वाजताचा फोन सांगितला, लाइटवाल्याचा म्हणून मारलेली थाप सांगितली, आणि तुझ्या पलंगापाशी दुसऱ्यांदा दिलेला 'सांगते' हा शब्दही सांगितला. पदरचं काही घातलं नाही.

अक्कानं चौकटीला हात टेकला. मग म्हणाली, "राग तिचा हुता. त्यो मला मिळायलाच पायजे हुता की. आता मिळाला."

मी विचारलं, तुला सगळं ठाऊक होतं, मग तू तिला का नाही सांगितलंस? बारा वर्षं आळ का सोसलास?

"सोलापुरात तिला तू एकटीच हुतीस, टीचर. बहिणीवर रुसलं तर बहीण कुटं जाती? हितंच असती. मैत्रीण गेली म्हंजे गेलीच. मग तिनं ऐतवारी कुणाकडं जावं?"

एवढं बोलून ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. गुडघा धरत ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता. "कुडी," ती म्हणाली. पी. मी ओंजळ धरली आणि प्यायले. इतकी तहान मला लागली होती हे प्यायला लागल्यावर कळलं. माझं झाल्यावर अक्कानं तांब्यात उरलेलं पाणी बघितलं, मग माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, आणि ते पाणी तिथे, दगडावर, सावकाश ओतलं.

"तिलाबी तान लागली आसंल," ती म्हणाली.

तापलेल्या दगडावरचं पाणी बघता बघता वाळलं. मी येते म्हणाले नाही. वेशीपर्यंत मागं वळून बघितलं नाही, आणि मला फार बघावंसं वाटत होतं. मागं पावलं नव्हती. पाठीला ऊन लागत होतं, नुसतं ऊन.

तुला मी हरवलं असं कधी होऊ दिलं नाहीस, आणि हाही वाद तूच जिंकलीस. त्यानं ऐकलं होतं. तो जवळ होता, हाताच्या अंतरावर, आणि धावला नाही. नाटकात त्याला पाणी द्यायला सांगणारी तू, आणि मला दोघी बहिणींनी मिळून पाजलंत. यासाठी तुमचे आभार कसे मानायचे ते मला माहीत नाही. मी एवढंच करू शकते की तुझ्या जागी आता महिन्याकाठी मी अक्काकडे जाईन, भाकऱ्यांचा पुडा घेऊन, आणि उंबरा ओलांडून आत बसेन.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मोकळी होती. मी ती सोडून बसले. थोड्या वेळानं कंडक्टर आला, माझ्याकडे बघितलं, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि मशीनमधून एकच तिकीट काढून दिलं.

मी म्हणाले, "दोन द्या."